ठोकळा थांबत नाही

६ फेब्रुवारी

चि. भावजयीस आशीर्वाद.

धाकटा काल दुपारी येऊन पोहोचला. हातात एक पिशवी, मनगटाला पट्टा आणि तोंडाला कुलूप. जेवला, भांडं विसळून ठेवलं आणि मग माझ्याशी न बोलता खिडकीशी बोलत बसला. मी अर्धा तास वाट पाहिली आणि विचारलं, "काय झालं?" तर म्हणे, "ताई, तिनं माझ्या जागी डबा आणलाय."

डबा म्हणजे काय ते मला कळलं नाही. ताल वाजवणारं यंत्र असतं, बटण दाबलं की आपोआप ढोल वाजतो, एवढं कळलं. तू ते घेऊन एकटीच गायला बसतेस हेही कळलं. त्यापुढे तो काही बोलला नाही. लहानपणीही असाच होता. पतंग फाटला की तीन दिवस मौन.

फोन करत नाही, कारण फोनवर तू रडतेस आणि मी ओरडते. कागदावर दोघींनाही ते जमत नाही. मनगटाच्या व्यायामासाठी तो माझ्या घराजवळच्या इस्पितळात रोज जाणार आहे, तेव्हा काही आठवडे इथेच राहील. त्याची काळजी करू नकोस.

मुलींच्या वसतिगृहाची अधीक्षक म्हणून मी निम्मं आयुष्य काढलं. एका बाजूचं ऐकून निकाल देण्याची मला सवय नाही. तुझी बाजू लिही. मुद्द्याचं लिही.

तुझी नणंद


११ फेब्रुवारी

वन्संना नमस्कार.

मुद्द्याचं लिहिते, पण मुद्दे बरेच आहेत, रागावू नका.

स्टेशनसमोरच्या हॉटेलातल्या जेवणाच्या हॉलमध्ये आम्ही दोघं शनिवार-रविवार संध्याकाळी गातो-वाजवतो, हे तुम्हाला माहीत आहेच. मी गाणं आणि गिटार, तुमचे बंधू ड्रम. वीस-बावीस वर्षं झाली. त्या हॉटेलच्या मागच्या जिन्यावरून मोठा ड्रम उतरवताना ते घसरले. ड्रमला ओरखडा नाही, उजव्या मनगटाचे दोन तुकडे. हाड जुळलं, पण पकड आली नाही. काठी धरली की तिसऱ्या ठोक्याला गळून पडते.

मग मी दोन आठवडे नुसत्या गिटारवर गायले. हॉलमधला जुना वाढपी माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाला, "बाई, आज कुणाचं बरंवाईट झालंय का?" नवीन मॅनेजर त्याच्याइतका प्रेमळ नाही. तो म्हणाला, "लोक जेवायला येतात, शोकसभेला नाही." म्हणून मी वाद्यांच्या दुकानातून ड्रम मशीन आणलं. जाड शब्दकोशाएवढं आहे. वर रबराची चौकोनी बटणं. एकेका गाण्याचा ताल आधी बोटांनी त्यात भरून ठेवायचा. पायाशी एक पेडल. दाबलं की ताल सुरू, परत दाबलं की बंद. बस्स, इतकंच.

मी ते घरी आणून टेबलावर ठेवलं. तुमचे बंधू त्याच्याकडे बघत राहिले. मी वातावरण हलकं करायला म्हणाले, "बरं आहे हो, याला जेवायला घालावं लागत नाही आणि हे रुसतही नाही." गंमत होती, वन्सं. वीस वर्षं आम्ही एकमेकांना असंच बोलत आलोय. पण त्यांनी पिशवी भरली.

मी दुसरं काय करायला हवं होतं ते तुम्हीच सांगा. घरी बसायला हवं होतं का?

तुमची भावजय


१७ फेब्रुवारी

चि. भावजयीस आशीर्वाद.

पत्र दोनदा वाचलं. निकाल असा: यंत्र आणलंस ते बरोबर. बोललीस ते चूक. त्याने पिशवी भरली तो मूर्खपणा. तिन्ही गोष्टी मी त्याला तोंडावर सांगितल्या. पहिली ऐकून तो उठून गेला, तेव्हा उरलेल्या दोन मी दाराशी उभी राहून सांगितल्या.

आता मला जे दिसतं ते लिहिते. त्याने सांगितलेलं नाही, मला दिसलंय, त्यामुळे सांगायला हरकत नाही. त्याचा राग यंत्रावर नाही. त्या ठोकळ्याबरोबर तू चांगली गायलीस तर काय, ही त्याची भीती आहे. वाईट गायलीस तर तो उद्या परत येईल आणि सगळ्यांना लाडू वाटेल.

डाव्या हाताने माझ्या जेवणाच्या टेबलावर सतत ठोकत असतो. वरणाची वाटी सरकत सरकत काठावर येते. परवा मी म्हटलं, "टेबल माझं आहे." तो म्हणाला, "टेबलच आहे ताई, बोलत नाही." मी म्हटलं, "मी बोलते." मग दोन मिनिटं थांबला.

ठोकळ्याबरोबर गाणं कसं होतंय ते लिही. खरं लिही. बरं होत असेल तरी लिही.

तुझी नणंद


२ मार्च

वन्संना नमस्कार.

खरं लिहिते. ठोकळा, तुमचाच शब्द वापरते, फार छान वाजवतो. ठोका इकडचा तिकडे होत नाही. जलद गाण्यांना तर लोक चमच्यांनी ताल धरायला लागले. मॅनेजर दारात उभं राहून मान हलवतो.

पण तो थांबत नाही, वन्सं.

आमची संथ गाणी आहेत ना, त्यात दुसरी ओळ संपली की धृपदावर येण्याआधी मी श्वास घेते. घेते म्हणजे, घेते हे मला माहीतच नव्हतं. पहिल्या शनिवारी मी दुसरी ओळ संपवली, श्वास घेतला, तोंड उघडलं, तर ठोकळा पुढे निघून गेलेला! मी शब्द गिळून त्याला गाठलं. पुढच्या कडव्यात परत तेच. मला वाटलं त्याचाच वेग बिघडला. घरी येऊन घड्याळ लावून तपासलं. ठोकळ्याचं काही चुकत नव्हतं.

म्हणजे इतकी वर्षं मी त्या जागी रेंगाळत होते आणि तुमचे बंधू काठी वर धरून थांबत होते. ते थांबतात हे मला कधी कळलं नाही, कारण मला कधी थांबावं लागलं नाही. लोकांना यातलं काही कळत नाही. फक्त तो जुना वाढपी म्हणाला, "बाई, बस चुकल्यासारखं गाताय."

आता दोन कामं सांगते. हॉटेल रंगरंगोटीसाठी महिनाभर बंद आहे. ठोकळ्याचं एक बटण अडकतं आणि इथल्या दुकानदाराला ते जमत नाही. तुमच्या शहरात मोठं दुकान आहे, म्हणून पार्सल करून तुमच्याकडे पाठवते. दुरुस्त करून घ्याल ना? मात्र तुमच्या भावाला दाखवू नका. दिसलं तर परत खिडकीशी बोलत बसतील.

दुसरं म्हणजे, पाठवण्याआधी मी सगळ्या गाण्यांचे ताल कॅसेटवर भरून घेतलेत. महिनाभर त्या कॅसेटबरोबर गाऊन ही श्वासाची खोड मोडून काढणार आहे. सरळ, न थांबता, ठोकळ्यासारखी. हेही त्यांना अजिबात सांगू नका. म्हणतील, बघा, नवऱ्याबरोबर कधी तालात गायली नाही आणि डब्याची चाकरी करतेय.

तुमची भावजय


१० मार्च

चि. भावजयीस आशीर्वाद.

पार्सल पोहोचलं. ठोकळा दुकानात नेऊन दिला. कारागिराने तो उघडला, फुंकर मारली, आतून चिवड्याचा एक दाणा काढून माझ्या तळहातावर ठेवला आणि म्हणाला, "हे वाजत होतं." दुरुस्ती तेवढीच. तुमच्या हॉटेलात खाणं आणि गाणं वेगवेगळ्या टेबलांवर ठेवता आलं तर बघ.

तू सांगितलेलं गुपित माझ्याकडे सुखरूप आहे. एकीचं दुसरीला सांगितलं की वसतिगृह बुडालं, हा माझा पहिल्या दिवसापासूनचा नियम. कोण कुणावर रुसली, कुणाचं पत्र कुणी फोडलं, कोण खिडकीतून उतरून सिनेमाला गेली, सगळं माझ्या पोटात असायचं आणि अजून आहे. त्यातल्या काहींच्या आता सुना आल्या, तरी मी बोलत नाही.

धाकट्याबद्दल विचारशील म्हणून आधीच लिहिते. व्यायाम चालू आहे. पेला धरता येतो, काठी धरता येत नाही. डॉक्टर म्हणतात, यापुढे फार फरक पडणार नाही. ते त्याने शांतपणे ऐकून घेतलं. बाहेर आल्यावर मला म्हणाला, "चल, इथवर आलोय तर भाजी घेऊन जाऊ."

ठोकळा कपाटात आहे का, असं मला विचारू नकोस. मी खोटं बोलत नाही, म्हणून विचारू नकोस.

तुझी नणंद


१९ मार्च

वन्संना नमस्कार.

तुमचं शेवटचं वाक्य वाचून माझा जीव टांगणीला लागला. ठोकळा त्यांना सापडला ना? फोडला का? फोडला असेल तर तेवढं तरी सांगा.

आणि ते दिवसभर करतात काय? मी परवा फोन केला तर तुमच्या शेजारच्या बाईंनी उचलला. म्हणाल्या, "ते आत बसलेत, कामात आहेत, उठवू नका म्हणून सांगितलंय." कसलं काम? त्यांचा ड्रमसेट अजून हॉटेलच्या गोदामात आहे. तो विकायचं तर ठरवत नाहीत ना? मध्यंतरी वर्तमानपत्रातल्या जाहिराती चाळत होते, ते मी पाहिलंय. वन्सं, तो विकला तर संपलंच. ते परत बाजूला बसणार नाहीत. मग मी आणि ठोकळा, जन्माची जोडी.

सरावाचं सांगते. सकाळी कपडे धुताना कॅसेट, दुपारी गिटार घेऊन कॅसेट. समोरच्या घरातला म्हातारा विचारत होता, "काय हो, सुताराचं काम काढलंय का?" पहिले आठ दिवस त्या जागी पाय अडकल्यासारखं व्हायचं. आता होत नाही. श्वास आधीच्या ओळीत चोरून घेते आणि धृपदावर धाडकन उतरते. अगदी शिस्तीत. तुम्हाला आवडेल.

हॉल ५ एप्रिलला, शनिवारी उघडतोय. मॅनेजरने स्पष्ट सांगितलं, "त्या संध्याकाळी बघतो. जमलं तर वर्षभर तुम्ही, नाहीतर भिंतीत स्पीकर बसवतो." त्याआधी ठोकळा पोहोचेल ना?

तुमची भावजय


२८ मार्च

चि. भावजयीस आशीर्वाद.

तुझ्या प्रश्नांना क्रमाने उत्तरं.

ठोकळा शाबूत आहे. बटण चालतं.

धाकटा काय करतो ते सांगणार नाही. त्याने सांगू नकोस म्हटलंय. आणि तुझं मी त्याला सांगितलं नाही, तू सांगू नका म्हटलं होतंस. दोघांना एकच न्याय.

ड्रमसेट विकण्याबद्दल त्याने चकार शब्द काढलेला नाही. हे गुपित नाही, म्हणून सांगितलं.

टपालाने ठोकळा परत पाठवायला मी नकार दिला आहे. नाजूक वस्तू आहे. धाकटा स्वतः घेऊन येईल, शनिवारी दुपारच्या गाडीने. आधी "नको, तूच जा ताई" म्हणत होता. मी म्हटलं, "माझे गुडघे तुझ्या मनगटापेक्षा जुने आहेत." मग तयार झाला.

त्याच्याबरोबर एक शाल पाठवते. जांभळी आहे, लोकरीची. नव्याने रंग दिलेले हॉल गार असतात आणि तू गळ्याची काळजी घेत नाहीस. दोन्ही खांद्यांवरून नीट घे. गाताना काढू नकोस.

बाकी चिंता सोड. मी तर्कशास्त्र घेऊन बी. ए. झाले आहे. मला दोन्ही बाजू दिसतात आणि दोन्ही बाजूंनी मनापासून मेहनत चालली आहे. यातून वाईट निघणं शक्य नाही.

तुझी नणंद


७ एप्रिल

वन्संना नमस्कार.

तुमच्या तर्कशास्त्राला माझा वेगळा नमस्कार.

शनिवारी तुमचे बंधू आले तेव्हा मी हॉलमध्येच होते. माइकच्या वायरी लावत होते. त्यांनी ठोकळा टेबलावर ठेवला, शाल दिली आणि म्हणाले, "ताईनं दिलीय. घाल." मी म्हटलं, "चहा घेता?" ते म्हणाले, "नंतर." दोन महिन्यांनी भेटलेली नवरा-बायको आणि बोलणं एवढंच! मला वाटलं, पोस्टमन म्हणून आलेत, सही घेऊन जातील. ते मागच्या खांबाजवळच्या टेबलावर जाऊन बसले. लोक यायला लागले होते. ठोकळा सुरू होतो का एवढं पाहिलं. झाला. मी शाल घेतली आणि उभी राहिले.

पहिली दोन गाणी जलद. अप्रतिम झाली. मॅनेजर दारात, हाताची घडी. तिसरं संथ. तेच, ज्यात माझी बस चुकायची. दुसरी ओळ आली, श्वास मी आधीच चोरून घेतलेला, धाडकन धृपदावर उतरले. आणि ठोकळा थांबला!

थांबला म्हणजे बंद नाही पडला. एक मात्राभर गप्प राहिला आणि मग आला. तोवर मी पुढे. मी दचकून थांबले, तर तो चालायला लागला. मी परत धरलं. दुसऱ्या कडव्यात पुन्हा तेच. मी दारात, ठोकळा उंबऱ्यावर. "तुम्ही आधी, नाही नाही तुम्ही आधी" असं दोघांचं चाललेलं. एका टेबलावर कुणीतरी हसलं. मला वाटलं त्या कारागिराने मेंदूच काढून घेतलाय याचा. मी पेडल दाबलं आणि सगळं बंद केलं.

हॉलमध्ये चमचेसुद्धा थांबले. मॅनेजरने हाताची घडी सोडली.

तेवढ्यात मागची खुर्ची सरकली. तुमचे बंधू टेबलांमधून वाट काढत पुढे आले, माझ्याजवळ उभे राहिले आणि खालच्या आवाजात म्हणाले, "श्वास का नाही घेतलास?"

मी म्हटलं, "सोडला मी तो."

"सोडला म्हणजे?"

"महिनाभर सराव करून सोडला. कॅसेट लावून."

"कुणी सांगितलं होतं सोडायला?"

"तो थांबत नाही म्हणून!"

"अगं, थांबतो आता! तीन आठवडे घातलेत मी त्यात. ताईच्या टेबलावर बसून एकेका बोटानं. तू जिथे जिथे श्वास घेतेस तिथे तिथे एक मात्रा वाढवलीय. सगळ्या संथ गाण्यांत."

"मग मला सांगायचं नाही?"

"तू सांगितलंस?"

वन्सं, माइक चालू होता. हे सगळं शेवटच्या टेबलापर्यंत गेलं. एक बाई मोठ्याने म्हणाली, "अहो, ते सगळं राहू दे, आता घ्या ना श्वास!" आणि अख्खा हॉल हसला. मीही हसले. हसू आणि रडू एकदम आलं तर गाता येत नाही, म्हणून मी पाणी प्यायले.

ते गेले आणि स्वतःची खुर्ची घेऊन आले. माझ्या शेजारी, पूर्वी बसायचे त्याच जागी ठेवली. ठोकळ्यातलं स्वतःचं तीन आठवड्यांचं काम त्यांनी दोन बटणांत बाजूला सारलं आणि साधा ताल लावला. पेडल स्वतःच्या पायाखाली ओढून घेतलं. म्हणाले, "यंत्राला माहीत नसतं तू आज कुठे दमणार आहेस. मलाही आधी कुठे माहीत असतं? तू गा. थांबायचं मी बघतो."

मी गायले. दुसरी ओळ संपली आणि महिनाभराचा सराव कुठे गेला कुणास ठाऊक, छाती आपोआप भरली. पाय खाली गेला, ठोकळा गप्प. मी धृपदाचा पहिला शब्द उच्चारला आणि पाय पुन्हा खाली, ठोकळा पहिल्या ठोक्यापासून माझ्याबरोबर. त्या पेडलची गंमतच ही आहे. थांबवून परत सुरू केलं की ते नेहमी पहिल्यापासून सुरू होतं.

शेवटी मॅनेजर जवळ आला. मी बोलणी ऐकायच्या तयारीत होते. तो म्हणाला, "पुढच्या शनिवारी ते भांडण ठेवणार आहात का? लोकांना आवडलं." मग म्हणाला, "नसलं तरी चालेल. खुर्च्या मात्र दोन ठेवतो."

तुमची भावजय

ता. क. खाली यांच्या दोन ओळी आहेत. डाव्या हाताने लिहिल्यात, वाचता येतील तेवढ्या वाचा.

"ताई, तुला दोघांचं माहीत होतं? माहीत असून आम्हाला एकमेकांवर सोडलंस? तुझ्या टेबलाला पडलेले खड्डे मी बुजवणार होतो. आता नाही बुजवत."


१३ एप्रिल

चि. भावजयीस आणि चि. धाकट्यास आशीर्वाद.

होय, मला दोघांचं माहीत होतं. तू श्वास सोडतेयस हे मला माहीत होतं आणि तो श्वासासाठी जागा करतोय हेही. मला वाटलं, दोघं कष्ट घेतायत म्हणजे काम दुप्पट चांगलं होईल. गाणं ही अशी बेरीज नसते, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. तर्कशास्त्राच्या पुस्तकात गाण्याचं उदाहरण नव्हतं. सगळी उदाहरणं माणसं मर्त्य असण्याबद्दल होती.

धाकट्या, तू तीन आठवडे माझ्या टेबलावर कानाला ते ऐकायचे गोल लावून बसायचास, ओठांनी तिची गाणी म्हणायचास आणि मधेच छाती भरून घ्यायचास. मी विचारलं तर म्हणालास, "ताई, डब्याला बायको शिकवतोय." मी हे पोटात ठेवलं, कारण तू सांगितलंस ठेव. आता मलाच बोल लावू नकोस.

शेजारणीला सगळं सांगितलं. आता गुपित राहिलेलं नाही, म्हणून सांगितलं. ती इतकी हसली की तिला ठसका लागला. म्हणाली, "तुम्ही एक शब्द बोलला असतात तर?" मी म्हटलं, "तर मॅनेजरला दोन खुर्च्या कशाला सुचल्या असत्या?" उत्तर तोंडातून गेल्यावर मात्र मला ते फारसं पटलं नव्हतं.

खड्डे राहू देत. वाटी आता सरकत नाही, एका खड्ड्यात नीट बसते.

नणंद


२८ एप्रिल

वन्संना नमस्कार.

आता आमचं बस्तान बसलंय. खुर्च्या दोन, ठोकळा मध्ये. यांनी डाव्या हातासाठी गोदामातून एक झांज आणून ठेवलीय, तारांच्या ब्रशने वाजवतात. एका हाताने जमतं, नुसतं फिरवायचं. मागच्या रविवारी मला म्हणाले, "बरं आहे हो, याला जेवायला घालावं लागत नाही." मी म्हटलं, "पण दुसऱ्याला लागतं. चला घरी." वाढपी म्हणाला, "बाई, आता बस मिळतेय." म्हणजे सगळं ठीक आहे.

एकच बारीक कुरबुर. पेडल कधी कधी उशिरा पडतं. अगदी केसभर. त्या पहिल्या शनिवारी सुरेख पडलं होतं, पाणी पिऊन आल्यावर गायले तेव्हा. पण तेव्हापासून चार-पाचदा मी श्वास घेतल्यावर ठोकळा अर्धा ठोका वाजवून मग गप्प झालाय. मी विचारलं तर म्हणतात, "नव्या दिव्यांचा उजेड डोळ्यांवर येतो." पायाने दाबायच्या पेडलला उजेडाचं काय? मी म्हटलं, "तुम्हाला काही दिसत नाहीये का?" तर म्हणाले, "काही नाही, गा तू." आणि विषय बदलला. माझी कुरबुर एवढीच, पण मॅनेजर नवा आहे, त्याचे कान तयार होतायत. यांचा पाय तर दुखत नसेल ना? तुमच्याकडे काही बोलले होते का?

तुमची शाल फार उबदार आहे. पहिल्या दिवशी पाणी सांडून ओली झाली होती, म्हणून मध्येच काढून ठेवली होती. त्यानंतर मात्र तुम्ही सांगितल्याप्रमाणे दोन्ही खांद्यांवरून घेते, गाताना काढत नाही.

तुमची भावजय


४ मे

चि. भावजयीस आशीर्वाद.

पाय दुखत नाही. दिवेही ठीक आहेत.

आयुष्यात पहिल्यांदा कुणाचं तरी दुसऱ्याला सांगते आहे. वसतिगृह बुडत असेल तर बुडू दे, मी निवृत्त झाले आहे.

तो टेबलावर ठोकळा घेऊन बसलेला असताना मी त्याला विचारलं होतं, "तिचा श्वास कुठे येतो हे तुझ्या इतकं पाठ कसं?" तो म्हणाला, "पाठ नाही ताई. कधी लवकर येतो, कधी उशिरा. श्वास यायच्या आधी तिचा डावा खांदा किंचित उचलतो. वीस वर्षं मी ड्रमकडे पाहिलंच नाही. खांद्याकडेच पाहत आलोय." मग लगेच म्हणाला, "तिला सांगू नकोस. कळलं की खांद्याकडे लक्ष जाईल आणि मग तो उचलणारच नाही."

शाल मी दिली आहे, काढ असं तो म्हणणार नाही. म्हणून मी म्हणते. शाल घडी करून कपाटात ठेव, गाताना घेऊ नकोस. त्याला खांदा दिसत नाही.

आणि हे तुला माहीत आहे, असं त्याला सांगू नकोस.

तुझी नणंद